परिशिष्ट ड मधील माणसे

बृहत्-कॅनडा मराठी महापरिषद
मुख्यालय : टोरोंटो
जा.क्र. बृकमम/परिषद/२०२५/०७
दि. १२ जानेवारी २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
सस्काटून मराठी स्नेहमेळा

विषय : स्वायत्त मंडळांच्या पहिल्या परिषदेबाबत

महोदय/महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, देशातील सर्व स्वायत्त मराठी मंडळांची पहिली परिषद व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकएंडला, शनिवार दि. १७ मे रोजी टोरोंटो येथे भरविण्याचे मुख्यालयाने योजिले आहे. परिषदेत सर्व मंडळांशी समानतेच्या पायावर विचारविनिमय होईल. समानतेचा तपशील मुख्यालय स्वतंत्रपणे ठरवून कळवील.

कामकाजाच्या सोयीसाठी मंडळांचे तीन वर्ग करण्यात आले आहेत : दोनशे कुटुंबांवरील मंडळे 'पूर्ण स्वायत्त', पंचवीसवरील 'अर्धस्वायत्त' आणि त्याखालील 'संलग्न स्वायत्त'. आपल्याकडे अकरा कुटुंबे असल्याने आपण तिसऱ्या वर्गात येता, याबद्दल अभिनंदन. संलग्न मंडळांनी परिषदेस झूमद्वारे उपस्थित राहावे.

प्रत्येक मंडळास चर्चेसाठी एक विषय सुचविता येईल. तो पंचवीस शब्दांत असावा.

आपला विश्वासू,
नंदन खांबेटे
सरचिटणीस

*(सोबत खाजगी)*

ती. वहिनी, शि. सा. नमस्कार.

वरचं पत्र सगळ्यांना तेच जातं, तेव्हा मनावर घेऊ नका. वर्ग मी नाही पाडले, समितीने पाडले. समितीत मी आहे हे खरं, पण एकटा नाही. इकडे आम्ही बापलेक मजेत. आरव ऑफिसला जातो, मी महापरिषदेला जातो. दोघांनाही उसंत नाही. बँकेतून रिटायर झालो तेव्हा वाटलं होतं वेळ कसा जाईल. आता वाटतं, बँकच बरी होती.

नंदन

---

सस्काटून
१९ जानेवारी २०२५

प्रिय नंदनभावजी,

अनेक आशीर्वाद.

तिसऱ्या वर्गात आल्याबद्दल अभिनंदन मिळालं, ते मी फ्रिजवर लावलंय. चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल दिली. आता तुम्ही मला देऊ बघताय, पण मला ती लागत नाही, एवढं समितीला सांगा.

विषय सुचवते. शब्द मोजायला वेळ नाही, समितीने मोजावेत.

आमच्याकडचे शिवाजीराव इंगवले तुम्हाला माहीत आहेत. पोटॅशच्या खाणीत जिऑलॉजिस्ट होते, तुमच्या भावाचे ब्रिजमधले पार्टनर. वय एकोणऐंशी. बायको गेल्यापासून एकटे राहतात. गेल्या आठवड्यात बेसमेंटच्या जिन्यावरून पडले आणि खुबा मोडला. फोन वर किचनमध्ये. दोन दिवस, भावजी, दोन दिवस तो माणूस खालच्या पायरीशी पडून होता. बाहेर उणे पस्तीस. शेजारचा युक्रेनियन म्हातारा आला तो कशासाठी, तर शिवाजीरावांच्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल केलेला दिसला नाही म्हणून. हा माणूस स्नो पडला की सहाला बाहेर असतो, मग आज काय झालं, असं त्याला वाटलं. त्याला मराठीचं अक्षर कळत नाही. आम्हा अकरा कुटुंबांपैकी कुणालाही पत्ता नव्हता, मलासुद्धा नाही. मी त्या दोन दिवसांत संक्रांतीचे लाडू वळत होते. शरम वाटली हो.

तर विषय असा : या प्रेअरीच्या माळरानात ठिकठिकाणी आपली एकेकटी म्हातारी माणसं आहेत. मुलं सरेला, टोरोंटोला, अमेरिकेत. तुमच्याकडे टोरोंटोत हजारो मराठी माणसं. दर शनिवारी प्रत्येकाने एका माणसाला एक फोन करायचा. मराठीत. 'जेवलात का' एवढं विचारलं तरी चालेल. फोन उचलला नाही तर पुढे कुणाला कळवायचं ते आम्ही इथे बघू.

याला ठराव, बजेट, बॅनर काही लागत नाही. फक्त तुमच्याकडून माणसं हवीत. पुढच्या विंटरच्या आत हे व्हायला हवं. बाकी परिषदेत तुम्ही काय वाटेल ते करा.

तुमची वहिनी
सुहासिनी

---

जा.क्र. बृकमम/परिषद/२०२५/३१
दि. ८ फेब्रुवारी २०२५

महोदया,

आपला विषय प्राप्त झाला. तो एकशे बावीस शब्दांचा असल्याने छाननी समितीने त्याचे 'ज्येष्ठ : संपर्क' असे संक्षिप्त रूप केले आहे. सदर विषय कार्यक्रमपत्रिकेत क्र. १४ (ब) येथे, 'वेळ उरल्यास' या सदराखाली घेण्यात आला आहे.

संबंधित ज्येष्ठांची यादी नाव, वय, मूळ गाव, कॅनडातील वर्षे व थोडक्यात परिचय या नमुन्यात 'परिशिष्ट ड' म्हणून पाठवावी. परिचय भूतकाळी व तृतीय पुरुषी असावा.

नंदन खांबेटे
सरचिटणीस

*(खाजगी)*

ती. वहिनी,

शिवाजीरावांचं वाचून वाईट वाटलं. माझा नमस्कार सांगा. १४ (ब) वर राग धरू नका. १४ (अ) काय आहे माहीत आहे का? महापरिषदेच्या बोधचिन्हातल्या मेपलच्या पानाला मोदकाच्या कळ्या असाव्यात की नसाव्यात. त्याच्यावर गेल्या वर्षी चार तास भांडण झालं. तुमचा विषय त्याच्या इतक्या जवळ आणला, तो माझ्या वशिल्याने.

सरेवाले रुसलेत. त्यांची एकशे नव्याण्णव कुटुंबं आहेत, पण दोन घटस्फोट झाले, मग ती किती धरायची, यावर तीन मीटिंगा झाल्या. घटस्फोटाने कुटुंबं वाढतात, असं त्यांचं म्हणणं.

इकडे ठीक. कालच पिठलं केलं होतं, आज पण तेच आहे. एकदा केलं की चार दिवस पुरतं.

नंदन

---

सस्काटून
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय भावजी,

यादी सोबत आहे. सस्काटून, रिजायना आणि प्रिन्स अल्बर्ट मिळून सहा नावं. फोन करून करून गोळा केली. परिचय तुमच्या नमुन्याप्रमाणे भूतकाळात लिहिलाय. 'श्री. इंगवले यांनी सदतीस वर्षे पोटॅशच्या खाणीत सेवा केली. ते मनमिळाऊ होते.' मनमिळाऊ हे त्यांनीच घालायला लावलं. सहावं नाव माझं आहे. मी काय चार माणसांत राहते?

पिठलं चार दिवस पुरतं म्हणता. आरव जेवत नाही वाटतं घरी.

परवा बेसमेंटमध्ये ह्यांची खोकी उघडली. तुमच्या भावाने तीस वर्षं युनिव्हर्सिटीत ब्रिटिश साम्राज्याचा इतिहास शिकवला. मी म्हणायची, इतकी धूळ आमच्या हॉस्पिटलात असती तर माझं लायसन्स गेलं असतं. एका खोक्यात नुसता जुना सरकारी पत्रव्यवहार आहे. लंडनने कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला, न्यूझीलंडला लिहिलेलं : परिषद भरवतोय, या, आता तुम्ही स्वतःचं स्वतः बघता, तेव्हा बरोबरीने बसू. आणि मग पत्रांमागून पत्रं. कोण कुठे बसणार, कुणाबरोबर किती माणसं, कुठला विषय घ्यायचा, कुठला नंतर बघू. ह्यांनी मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहिलंय, 'बोलवायचं भाऊ म्हणून, बसवायचं पाहुणा म्हणून.'

भावजी, तुमची पत्रं त्यांच्याशेजारी ठेवून वाचली. लंडनवाल्यांना निदान मोदक मध्ये आणता आला नाही.

ते जाऊ दे. यादी नीट सांभाळा, ही खरी माणसं आहेत.

सुहासिनी

---

जा.क्र. बृकमम/परिषद/२०२५/८८
दि. ३० मार्च २०२५

परिपत्रक (सर्व मंडळांसाठी)

पूर्ण स्वायत्त मंडळांच्या प्रतिनिधींना रेशमी फेटा, अर्धस्वायत्तांना सुती फेटा देण्यात येईल. संलग्न मंडळे घरीच असल्याने त्यांचा फेटा ऐच्छिक आहे.

समईच्या पाच वातींपैकी तीन अध्यक्षा मा. प्रभाताई टिल्लू लावतील. उर्वरित दोन वातींबाबत सरे व माँट्रियल यांच्याशी वाटाघाटी सुरू आहेत.

झूमवरील मंडळांनी कॅमेरा व माइक बंद ठेवावा. म्यूटचे अधिकार मुख्यालयाकडे राहतील.

परिषदेचा प्रारंभ प्रथेप्रमाणे वर्षभरात दिवंगत झालेल्या सभासदांना श्रद्धांजली वाहून होईल. श्रद्धांजलीची यादी दरवर्षी सहसचिव राल्फ नवगावकर तयार करतात. तथापि यंदा परिषद शनिवारी आहे व ज्यू धर्मातील शब्बाथच्या विश्रांतीमुळे शनिवारी ते काम करीत नसल्याने ही जबाबदारी तांत्रिक समितीकडे देण्यात आली आहे.

परिशिष्टांच्या क्रमात बदल : दिवंगतांची यादी यापुढे 'परिशिष्ट ड' समजावी. यापूर्वीचे 'परिशिष्ट ड' (ज्येष्ठ : संपर्क) यापुढे 'परिशिष्ट फ' समजावे. मंडळांनी आपापल्या फाइलींची नावे स्वतः बदलून पुन्हा पाठवावीत.

नंदन खांबेटे
सरचिटणीस

---

सस्काटून
१२ एप्रिल २०२५

प्रिय भावजी,

नऊ पानांचं परिपत्रक आलं. फेट्यापर्यंत वाचलं आणि बंद केलं. आमच्या शिवाजीरावांना सांगितलं, तुमचा फेटा ऐच्छिक आहे. ते म्हणाले, इच्छा आहे, फेटा नाही.

ते आता वॉकर घेऊन चालतात. परिषदेच्या दिवशी माझ्याकडेच येणार आहेत. नवा ब्लेझर घेतलाय. कॅमेरा बंद असणार म्हटलं, तर म्हणे असू दे, मला माहीत असेल ना मी काय घातलंय.

माइक बंद ठेवून विचारविनिमय कसा करतात, ते तेवढं पुढच्या परिपत्रकात घाला. आणि १४ (ब) ला पाच मिनिटं तरी मिळू द्या. मी दोन मिनिटांत बोलेन.

सुहासिनी

---

जा.क्र. बृकमम/शोक/२०२५/०६
दि. १८ मे २०२५

मा. अध्यक्ष,
सस्काटून मराठी स्नेहमेळा

आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासद कै. डॉ. सुहासिनी राजन खांबेटे यांच्या दुःखद निधनाचे वृत्त ऐकून महापरिषदेस तीव्र दुःख झाले. परिषदेत दि. १७ मे रोजी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून त्यांना श्रद्धांजली वाहण्यात आली. त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी भरून निघणार नाही. आपण ती लवकरात लवकर भरून नव्या अध्यक्षांचे नाव कळवावे.

नंदन खांबेटे
सरचिटणीस

---

सस्काटून
१९ मे २०२५, व्हिक्टोरिया डे

भावजी,

वरून लिहितेय असं समजा.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं सोफ्यावर बसलो, शिवाजीराव ब्लेझरमध्ये, मी नऊवारी नाही तरी बरी साडी नेसून. टीव्हीला लॅपटॉप जोडला होता. समई लागली. दोन वाती कुणी लावल्या ते दिसलं नाही, समोर फेटे फार होते. मग प्रभाताई माइकवर आल्या आणि कागद काढून म्हणाल्या, 'गेल्या वर्षात आपल्याला सोडून गेलेले.' पहिलंच नाव शिवाजीराव इंगवले. त्यांनी सदतीस वर्षे खाणीत सेवा केली. ते मनमिळाऊ होते.

शिवाजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, बाई, मला काही सांगायचं राहून गेलंय का डॉक्टरांचं?

मी अनम्यूट दाबलं. 'होस्टने परवानगी दिलेली नाही.' हात वर करण्याचं बटन दाबलं, कुणीतरी तिकडून तो खाली केला. पुन्हा केला, पुन्हा खाली. तोवर प्रभाताई सहाव्या नावावर आल्या. माझ्या. चॅटमध्ये लिहिलं, 'मी जिवंत आहे. सहाही जण जिवंत आहेत.' उत्तर आलं, 'धन्यवाद. प्रश्न शेवटी घेतले जातील.'

सगळा हॉल उभा राहिला. रेशमी फेटे, सुती फेटे, सगळे माना खाली घालून. शिवाजीराव वॉकरला धरून उठू लागले. म्हटलं, तुम्ही कशाला उठताय? तर म्हणाले, बाकीच्या पाच जणांसाठी. मग मी पण उठले. दोन मिनिटं आम्ही उभे होतो. काय करणार?

हसू येत होतं आणि रागही येत होता. मला सांगा, पाचशे माणसांच्या हॉलमध्ये एकालाही वाटलं नाही की ही बाई तर गेल्या महिन्यात पत्रं लिहीत होती? तुम्ही कुठे होतात?

दुपारपर्यंत १४ (ब) ची वाट पाहिली. मोदकाच्या कळ्यांवरून लोक स्टेजवर चढले तेव्हा झूम बंद झालं.

आणि मग फोन सुरू झाले. आधी लंडन ऑन्टॅरिओहून एक बाई, एकोणीसशे एकाहत्तरमध्ये विनिपेगला आमच्या शेजारी होत्या. 'सांत्वनाला केला होता, कोण बोलतंय?' म्हटलं, मीच. बिचारी रडायला लागली, मग हसायला लागली, पाऊण तास सोडेना. काल दिवसभर तेच. रिजायनाच्या सुमतीबाईंना अकरा फोन. त्या म्हणाल्या, सुहासिनी, गेल्या दोन वर्षांत मिळून इतके आले नव्हते. शिवाजीरावांना चौदा. श्रद्धांजलीचं रेकॉर्डिंग मिळेल का, असं ते प्रत्येकाला विचारतात.

तुमच्या राल्फचाही काल सकाळी आला. 'बाई, तुम्हीच का?' म्हणाला. म्हटलं, हो. म्हणाला, जरा मोठ्याने बोला, पुन्हा बोला. मागे त्याचा टीव्ही लागला होता, कुणीतरी हुंदके देत होतं.

सगळ्यांनी फोन केला. तुम्ही केला नाहीत. तुमच्याकडून लेटरहेड आलं.

सुहासिनी

---

जा.क्र. बृकमम/शुद्धिपत्रक/२०२५/०१
दि. १२ जून २०२५

शुद्धिपत्रक

परिशिष्टांच्या क्रमबदलानंतर काही मंडळांनी फाइलींची नावे न बदलल्याने व तांत्रिक समितीने मजकूर न वाचल्याने परिशिष्ट ड मध्ये अनवधानाने त्रुटी राहून गेली. सबब, परिशिष्ट ड मधील सहा व्यक्ती पुढील आदेश होईपर्यंत जिवंत समजण्यात याव्यात.

त्यांना वाहिलेली श्रद्धांजली इतिवृत्तात नोंदली गेली असल्याने ती मागे घेता येणार नाही. ती पुढे उपयोगात आणता येईल का, यावर घटना समिती विचार करीत आहे.

विषय क्र. १४ (ब) वेळेअभावी घेता आला नाही. त्यावर नऊ जणांची उपसमिती नेमण्यात येत असून ती आपला अहवाल २०२७ च्या परिषदेत सादर करील.

नंदन खांबेटे
सरचिटणीस

---

सस्काटून
२८ जून २०२५

नंदनभावजी,

पुढील आदेश होईपर्यंत जिवंत राहण्याची मुभा दिलीत, आभारी आहे.

उपसमिती बरखास्त करा, गरज उरली नाही. त्या दोन दिवसांत आमच्या सहा जणांना मिळून त्रेपन्न माणसांनी फोन केले. प्रत्येकाचा नंबर फोनमध्ये होताच. आम्ही सगळ्यांना उलट फोन लावला. म्हटलं, मेलेल्या माणसासाठी तुम्ही वेळ काढलात, आता जिवंतासाठी दर शनिवारी दहा मिनिटं काढाल का? एकोणीस जण हो म्हणाले. नऊ-दहा जणांनी 'बघतो' म्हणून फोन ठेवला. एकजण म्हणाला, महापरिषदेची परवानगी लागेल का? त्याला यादीतून काढला.

तीन शनिवार झाले, काम चालू आहे. राल्फ सूर्य मावळल्यावर करतो, त्याची आमची वेळ बरोबर जमते. कॅनडातल्या एका म्हाताऱ्या माणसाने दुसऱ्याला फोन करायचा, याला पाच महिने पत्रव्यवहार लागला. जाऊ दे, सुरू झालं ना. पहिला बर्फ पडेल तेव्हा मला झोप लागेल.

पण तुमच्याकडे एक गोष्ट राहिली आहे. मी मागच्या पत्रात विचारलं, तुम्ही शुद्धिपत्रक पाठवलंत. पुन्हा विचारते. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही अकरावीत होतात. तुमच्या फी-माफीचे अर्ज मी लिहून दिलेत. मी गेले असं तुमच्याच सहीने पत्र निघालं आणि तुम्हाला एक फोन करावासा वाटला नाही? आम्ही तिसऱ्या वर्गातले हे मान्य, पण म्हणून इतकं?

रागावले आहे आणि दुखावले पण आहे. खरं ते लिहा.

सुहासिनी

---

टोरोंटो
९ जुलै २०२५

ती. वहिनींस शिरसाष्टांग नमस्कार.

आज लेटरहेड वापरत नाही. जावक क्रमांकही नाही.

त्या शनिवारी श्रद्धांजली चालू होती तेव्हा मी हॉलच्या बाहेर होतो. सरेवाल्यांचा बॅनर माँट्रियलच्या बॅनरपेक्षा चार इंच खाली लागला होता. टेप घेऊन मोजत होतो. आत काय वाचलं ते मी ऐकलंच नाही. शोकपत्रं रविवारी सकाळी कॉम्प्युटरने आपोआप पाठवली. माझी सही त्यात आधीपासून चिकटवलेली आहे. मी ती पत्रं पाहिली पण नव्हती.

रविवारी दहाला बेल वाजली. दारात राल्फ, हातात डबा. आत येऊन माझ्याजवळ बसला. डब्यात उकडलेली अंडी आणि भाकरी. मी म्हटलं, हे काय? म्हणाला, आमच्यात घरात कुणी गेलं की त्या घरच्यांनी पहिलं जेवण स्वतःचं करायचं नसतं, दुसऱ्यांनी आणायचं असतं. मी म्हटलं, कोण गेलं? तो म्हणाला, नंदन, तुला माहीत नाही? इतिवृत्त सकाळी आलंय. तुझी वहिनी गेली.

वहिनी, खरं लिहायला सांगितलंत म्हणून लिहितो. मी फोन हातात घेतला. तुमचं नाव काढलं. आणि लावला नाही. पंचवीस मिनिटं हातात धरून बसलो. लावला आणि तो वाजतच राहिला, कुणी उचललाच नाही, तर? ही गेली तेव्हा असंच झालं होतं, मी हॉस्पिटलच्या पार्किंगमधून तिला फोन करत होतो आणि तो वाजत होता. पुन्हा तो आवाज ऐकायची हिंमत झाली नाही. शेवटी राल्फने त्याच्या फोनवरून लावला आणि स्पीकरवर टाकला. तुम्ही 'हो' म्हणालात. तो टीव्ही नव्हता, मी होतो.

त्यानंतर तोंड दाखवायची लाज वाटली. म्हणून शुद्धिपत्रक काढलं. ते मला येतं.

आणखी एक. राल्फने त्या दिवशी वाढायला ताटं शोधली तर घरात एकच ताट धुतलेलं होतं, एकच वाटी. आरव गेल्या नोव्हेंबरातच तिकडे पश्चिम टोकाला, सरेला गेला, नोकरी बदलून. रविवारी मेसेज करतो, मी अंगठा पाठवतो, तोही अंगठा पाठवतो. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही काळजी करत बसला असतात आणि सरचिटणीसाची काळजी स्वायत्त मंडळांनी करायची नसते, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. या कॉन्डोत चोविसाव्या मजल्यावर शेजारी कोण राहतं मला माहीत नाही. माझ्या दारापुढे शोव्हल करायला ड्राइव्ह-वे पण नाही. मी पडलो तर कुणाच्या काय लक्षात येणार? महापरिषदेचं एखादं परिपत्रक निघालं नाही, तर लोक आनंदच मानतील.

तुमच्या यादीत माझं नाव घालता का? मी टोरोंटोत राहतो. मुख्यालयातला माणूस तुमच्या नियमात बसतो की नाही, ठाऊक नाही.

आपला,
नंदन

---

सस्काटून मराठी स्नेहमेळा
जा.क्र. १ (पहिलाच)
दि. १५ जुलै २०२५

श्री. नंदन खांबेटे,
टोरोंटो

आपला ९ जुलैचा अर्ज मिळाला. तो पंचवीस शब्दांपेक्षा बराच मोठा आहे, तरी दाखल करून घेतला. आमच्यात वर्ग नाहीत. सातव्या नंबरावर तुमचं नाव लिहिलंय.

दर शनिवारी तुमच्या बारा वाजता शिवाजीराव फोन करतील. त्यांनी स्वतः मागून घेतलंय. ते पोटॅशवर बोलतात, ऐकून घ्या. दहाव्या रिंगपर्यंत उचलला नाहीत तर ते राल्फला कळवतील, आणि राल्फ शनिवारीसुद्धा येईल. जिवाचा प्रश्न असेल तर शब्बाथ आड येत नाही, असं तो म्हणाला. किल्ली त्याच्याकडे देऊन ठेवा.

आरवला मी फोन केला होता. अर्धा तास बोलले, त्याने इंग्लिशमध्ये ऐकलं. त्याला वाटत होतं, बाबा खूप बिझी असतात.

भावजी, रडत होतात ते तुम्ही, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि मीही रडले. इतकी वर्षं झाली ह्यांना जाऊन, माझ्यासाठी रडणारं कुणी उरलंय हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी फोन लावा. मी उचलला नाही, तर तुम्हाला कळायला हवंच ना? दुसऱ्या कुणाला कळून काय उपयोग?

शनिवारचा फोन मंडळाचा. रविवारी सकाळी दहाला मी करीन. तो यादीत धरू नका.

सुहासिनी